'चार्ज': एक शब्द आणि त्याचे डझनभर धंदे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

'चार्ज'चा मूळ अर्थ नेमका कोणता?

ओझं लादणं. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे मालाची गाडी आणि 'कारिकारे' म्हणजे त्या गाडीत माल भरणं. हे क्रियापद जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं आणि 'चार्ज' झालं. 'कार', 'कॅरी' आणि 'कार्गो' त्याच घरातले. पुढे गाडीची जागा बंदुकीने घेतली, बंदुकीची माणसाने, माणसाची जमिनीने, आणि मालाच्या जागी दारू, जबाबदारी, कर्ज, आरोप, पैसे असं काय काय येत गेलं.

मराठी परिभाषा करणाऱ्यांनी हा धागा बरोबर पकडलेला दिसतो. प्रभार, पदभार, कार्यभार, अधिभार, भारित खर्च, बोजा: सगळीकडे वजनच आहे. 'आरोप'सुद्धा मुळात चढवणं, वर ठेवणं. म्हणून भाषांतर करताना अडलात की एवढंच विचारायचं: इथे कोणी, कशावर, काय लादलंय? बहुतेक वेळा मराठी शब्द समोर येतो. जिथे येत नाही तिथे 'चार्ज'च ठेवावा. मोबाइल 'प्रभारित' करणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

विजेच्या बाबतीत 'चार्ज' म्हणजे भार, प्रभार की करंट?

प्रभार. शाळेच्या पुस्तकांतही तोच शब्द आहे. नुसता 'भार' लिहिलं की घोटाळा होतो, कारण विजेच्या क्षेत्रात 'भार' म्हणजे लोड. 'भारनियमन'मधला भार हाच. आणि करंट म्हणजे प्रवाह, प्रभार वाहण्याचा वेग. एका सेकंदात एक कूलोम प्रभार तारेतून गेला की तो एक अँपिअर.

एका इलेक्ट्रॉनवरचा प्रभार १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे १९ वा घात इतके कूलोम. २०१९ पासून हा आकडा व्याख्येनेच पक्का केलेला आहे, आता तो मोजून काढायचा राहिलेला नाही. उलटं सांगायचं तर एक कूलोम व्हायला साधारण ६२४ कोटी अब्ज इलेक्ट्रॉन लागतात.

हा शब्द विजेत आणला बेंजामिन फ्रँकलिनने, १७४० च्या दशकात. तोफेत दारू भरतात तशी काचेच्या बरणीत वीज भरली जाते, ही त्यामागची कल्पना. अशा बरण्यांच्या रांगेला त्याने 'बॅटरी' म्हटलं, तेही तोफखान्यातूनच उचललेलं. धन आणि ऋण ही नावंही त्याचीच. कोणत्या बाजूला धन म्हणायचं हे त्याने अंदाजाने ठरवलं आणि तो अंदाज नेमका उलटा निघाला. म्हणून आजही आकृतीत प्रवाहाचा बाण एका दिशेला असतो आणि तारेतले इलेक्ट्रॉन दुसऱ्या दिशेला जातात. विद्यार्थ्यांनी यावर डोकं आपटू नये. खूण उलटी असली तरी गणित बरोबर येतं.

कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग थंडीत जमतो आणि कोकणातल्या पावसाळ्यात फसतो. कंगवा तोच असतो, पण दमट हवेत त्याच्यावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून निसटून जातो.

पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलंय, मग ५,००० चा फोन दोनदा का भरत नाही?

मिलिअँपिअर-तास हे प्रभाराचं माप आहे, ऊर्जेचं नव्हे. ५,००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर ३,६०० सेकंद, म्हणजे १८,००० कूलोम. ऊर्जा काढायला त्याला व्होल्टने गुणावं लागतं.

पॉवर बँकेतले सेल ३.७ व्होल्टचे. १० अँपिअर-तास गुणिले ३.७ म्हणजे ३७ वॅट-तास. बाहेर पडताना व्होल्टेज वाढवून ५ करावं लागतं. ३७ भागिले ५ म्हणजे ७.४ अँपिअर-तास. रूपांतरात उष्णता जाते, म्हणून हातात साधारण ६,००० ते ६,५०० एमएएच पडतात. डब्याच्या मागे बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून हा दुसरा आकडा असतो. खरेदी करताना तोच बघायचा.

विमानातही वॅट-तासच बघतात. १०० वॅट-तासापर्यंतची पॉवर बँक हातातल्या सामानात चालते, चेक-इनच्या बॅगेत कुठलीच चालत नाही. १०० वॅट-तास म्हणजे ३.७ व्होल्टने सुमारे २७,००० एमएएच.

जाता जाता: भिंतीत खोचतो तो खरं तर चार्जर नसतोच, तो अडॅप्टर. बॅटरीत किती प्रवाह सोडायचा आणि कधी थांबवायचा हे ठरवणारं सर्किट फोनच्या आत असतं. फोन रात्रभर लावून ठेवला तर तो 'जास्त भरत' नाही. बॅटरी म्हातारी होते ती उष्णतेने आणि सतत १०० टक्क्यांवर राहिल्याने. उशीखाली ठेवून चार्ज करणं यासाठीच वाईट.

इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण चार्ज झाली हे कसं ओळखायचं?

दिव्यावर विश्वास ठेवू नका. हिरवा दिवा चार्जरचं व्होल्टेज पाहतो, आतल्या आम्लाला काही विचारत नाही. घरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या ट्यूब्युलर बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येकाचं झाकण वेगळं. हायड्रोमीटर घ्या, एकेका सेलमधलं पाणी ओढून तरंगणीवरचा आकडा वाचा. पूर्ण भरलेल्या सेलचं घनत्व १.२४० च्या आसपास येतं (गाडीच्या बॅटरीत १.२६० ते १.२८०). १.१५० च्या खाली गेलं तर बॅटरी जवळपास रिकामी. पाच सेल १.२४० दाखवतायत आणि सहावा १.१८०, तर तो सेल गेलेला आहे. कितीही चार्ज करा, पूर्ण बॅटरी त्याच्या पातळीलाच येऊन बसणार.

चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या दहाव्या भागाइतका ठेवतात. १५० ला १५ अँपिअर. यापेक्षा फार जास्त दिला तर प्लेटी तापतात आणि पाणी पटापट उडतं. पाणी कमी झालं की डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. बोअरचं किंवा नळाचं नको, कारण त्यातले क्षार प्लेटींवर बसतात. आम्ल तर कधीच घालायचं नाही, कारण उडतं ते फक्त पाणी, आम्ल आतच राहतं.

मोठ्या सुट्टीला जाताना बॅटरी रिकामी सोडून गेलात तर प्लेटींवर शिशाचं सल्फेट कडक होऊन बसतं आणि नंतर ते सुटत नाही. भरून, लोड काढून जा. आणि बॅटरीची खोली किंवा कपाट बंदिस्त नको. चार्जिंग संपत आल्यावर हायड्रोजन निघतो, त्याला वर जायला वाट हवी. झाकणाजवळ काडी पेटवून पाणी बघणारे लोक आहेत. त्यांच्या डोळ्यांसाठी हे वाक्य.

एसीवाला म्हणतो 'गॅस चार्ज करावा लागेल'. दरवर्षी लागतो का?

लागत नाही. एसीतला गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे, तो खर्च होत नाही. बंद नळीत तोच तो फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता गॅस मारणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणं.

इथे 'चार्ज' म्हणजे ठरलेल्या वजनाचा गॅस. आउटडोअर युनिटच्या पाटीवर गॅसचं नाव (आर-३२, आर-४१०ए, जुन्या यंत्रांत आर-२२) आणि किती किलो ते छापलेलं असतं. नीट काम असं होतं: आधी नायट्रोजनचा दाब देऊन प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा दिसला तिथे दुरुस्ती. मग व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओलावा काढायचा, गेज ५०० मायक्रॉनपर्यंत खाली येईस्तोवर. पंप बंद करून काटा वर चढत नाही ना ते पाहायचं. मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून मोजून गॅस सोडायचा. नळी नेहमीपेक्षा लांब असेल तर दर मीटरला किती ग्रॅम वाढवायचा हे कंपनीच्या पुस्तिकेत असतं.

पंपाशिवाय, काट्याशिवाय, नुसत्या 'हाताला गार लागतंय' एवढ्यावर गॅस भरणारा मेकॅनिक असेल तर थांबवा. ओलावा आत राहिला तर तो तेलाशी मिळून आम्ल तयार करतो आणि काही महिन्यांनी कॉम्प्रेसर जातो. गॅस कमी पडला तर कॉइलचा थोडाच भाग गार होतो आणि तिथे बर्फ धरतो. जास्त झाला तर दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त अँपिअर ओढतो आणि भर दुपारी ट्रिप होतो. जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा, हा समज सर्वांत महागात पडणारा.

आर-४१०ए हे दोन वायूंचं मिश्रण आहे, ते सिलिंडरमधून द्रवरूपातच सोडावं लागतं. नाहीतर प्रमाण बिघडतं. नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचाच नातेवाईक. तो ग्रॅममध्ये भरतात. नळीत तो असताना टॉर्च लावून डाग देणं म्हणजे आगीला निमंत्रण.

फाउंड्रीत 'चार्ज टाका' म्हणतात, तो कुठला?

भट्टीत एका वेळी टाकायचा ऐवज. कोल्हापूरच्या फाउंड्रीत हा शब्द दिवसभर ऐकू येतो. क्युपोलात, म्हणजे कोकवर चालणाऱ्या उभ्या भट्टीत, तळाला कोकचा थर पेटवून घेतात. त्यावर बाजूच्या दारातून पाळीपाळीने धातू (पिग आयर्न, भंगार बीड म्हणजे ओतीव लोखंड, पोलादाचे तुकडे, स्वतःच्या ओतकामातले परतीचे तुकडे), मग कोक, मग चुनखडी. धातू आणि कोकचं प्रमाण आठास एक धरलं तर एक टन धातूला १२५ किलो कोक लागतो. चुनखडी कोकच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाइतकी, २५ ते ३० किलो. ती राख आणि कचरा वितळवून मळी म्हणून बाहेर काढते. चुनखडी कमी पडली की मळी घट्ट होते आणि हवेची तोंडं बुजतात. कोक कमी पडला की धातू थंड उतरतो आणि साचा पुरा भरत नाही.

विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत धोका वेगळा. ओलं भंगार किंवा दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप वितळलेल्या धातूत पडला की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून छतापर्यंत जातो. म्हणून पावसाळ्यात भंगार छपराखाली ठेवणं आणि टाकण्याआधी तापवून घेणं हा खरा चार्जिंगचा नियम. दुसरी भानगड म्हणजे वरचे तुकडे एकमेकांत अडकून पूल होणं. वरून भट्टी थंड दिसते, खाली धातू भलताच तापत असतो.

बिलातला 'चार्ज' म्हणजे आकार, शुल्क, कर की अधिभार?

चारही वेगळे. सेवेच्या किंवा वस्तूच्या बदल्यात घेतलेली रक्कम ती आकार किंवा शुल्क. कर सरकार कायद्याने घेतं आणि त्याच्या बदल्यात तुम्हाला अमुक सेवा मिळेलच असं बंधन नसतं. अधिभार म्हणजे आधीच्या रकमेवर चढवलेलं ओझं.

घरच्या वीजबिलात हे शेजारी शेजारी दिसतात. स्थिर आकार हा जोडणीसाठी, घर महिनाभर बंद ठेवलं तरी येणारच, कारण तुमच्यासाठी तार आणि रोहित्र राखून ठेवलेलं असतं. वीज आकार युनिटवर. वहन आकार वीज तुमच्या दारापर्यंत आणण्याचा, तोही युनिटवर. इंधन समायोजन आकार कोळशा-वायूच्या भावाप्रमाणे खाली-वर होतो. आणि वीज शुल्क हे नावाने शुल्क असलं तरी राज्य सरकारचा कर आहे, घरगुती ग्राहकाला १६ टक्के. इथे परिभाषेनेच पाय घसरवलाय.

सोसायटीत मात्र 'शुल्क' रूढ आहे. फ्लॅट भाड्याने दिला तर लागणारं बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्या सेवा शुल्कात पालिकेचा कर धरायचा नाही. महिन्याचं सेवा शुल्क २,००० असेल तर जास्तीत जास्त २००. काही समित्या देखभालीच्या पूर्ण बिलावर टक्केवारी लावतात, ते चूक.

हॉटेलच्या बिलातला सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?

नाही. तो कर नाही, बक्षिशीचा छापील अवतार आहे. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बिलात तो आपोआप लावू नये अशा मार्गदर्शक सूचना काढल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या उचलून धरल्या. बिल देण्याआधीच काढायला सांगा. वस्तू व सेवा कर त्या रकमेवरही लागलेला असतो, तोही नव्याने मोजून घ्या. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

सातबारावर 'बोजा' आहे म्हणजे जमीन गहाण आहे का?

नेहमीच नाही, आणि हा फरक घेणाऱ्याच्या दृष्टीने मोठा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ मध्ये गहाण कलम ५८ मध्ये आणि चार्ज, म्हणजे बोजा, कलम १०० मध्ये आहे. गहाणात मालमत्तेतला काही हक्क कर्ज देणाऱ्याकडे जातो. बोजात हक्क कुठेच जात नाही, फक्त 'या जमिनीतून माझे पैसे वसूल होतील' एवढं वजन तिच्यावर बसतं. मोबदला देऊन आणि बोजाची माहिती नसताना घेणाऱ्यावर तो एरवी बजावता येत नाही. पण सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात नोंद असेल तर 'मला माहीत नव्हतं' हे म्हणायला तोंडच उरत नाही. विकास सोसायटीचा सभासद कर्जासाठी जे घोषणापत्र करून देतो, त्याने सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४८ खाली असाच बोजा चढतो.

कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. बहुतेकांची गाडी इथेच अडते. बँकेकडून किंवा सोसायटीकडून बेबाकी दाखला घ्या. त्यात गट नंबर, क्षेत्र, खातेदाराचं नाव सातबारावर जसं आहे तसंच हवं आणि ज्या फेरफाराने बोजा चढला त्याचा क्रमांकही असावा. मग तलाठ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीतून, बोजा कमी करण्याचा अर्ज. फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यानंतर नवा सातबारा काढून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

दाखल्यात गट नंबर नसणं हे अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण. दुसरी कटकट वाटणीनंतरची: एका भावाच्या कर्जाचा बोजा मूळ गटावर होता, गट फुटला आणि तो चारही नव्या सातबारांवर उतरला. मग ज्याने कधी कर्जच घेतलं नाही तोही बँकेच्या दारात.

कंपनीच्या बाबतीत हाच चार्ज कंपनी निबंधकाकडे नोंदवतात, कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम ७७ खाली ३० दिवसांत, सीएचजी-१ या नमुन्यात. फेडल्यावर सीएचजी-४. छोट्या कंपन्या पहिला आठवणीने भरतात (बँक भरायला लावते) आणि दुसरा विसरतात. पुढच्या कर्जाच्या वेळी जुना चार्ज तसाच उघडा दिसतो.

'चार्जशीट दाखल झालं' म्हणजे गुन्हा सिद्ध झाला?

अजिबात नाही. टप्पे असे: एफआयआर म्हणजे तक्रारीची पहिली नोंद. तपास संपल्यावर पोलिस न्यायालयाला जो अहवाल देतात ते आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १९३ खाली येतं, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेत १७३ होतं. ते वाचून, दोन्ही बाजू ऐकून न्यायालय आरोप निश्चित करतं. इंग्रजीतला 'चार्ज' खऱ्या अर्थाने तिथे लागतो. पोलिसांनी कागदावर लिहिलेली कलमं न्यायालय कमी करू शकतं, वाढवूही शकतं. त्यानंतर साक्षीपुरावे आणि शेवटी निकाल.

आरोपी कोठडीत असेल तर आरोपपत्राला मुदत असते: फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकीच्यात ६०. मोजणी अटकेच्या दिवसापासून होत नाही, न्यायालयाने पहिली कोठडी दिली तिथून होते. मुदत टळली तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, पण अर्ज आरोपपत्र येण्याआधी करावा लागतो.

मग 'डिस्चार्ज' म्हणजे सुटका?

ओझं उतरवणं, आणि उतरवायच्या तऱ्हा अनेक. न्यायालयात डिस्चार्ज म्हणजे आरोप निश्चित होण्याआधीच, पुरेसा आधार नाही म्हणून, दोषमुक्त करणं. खटला चालून मिळते ती निर्दोष मुक्तता. बातम्यांत दोन्ही एकच असल्यासारखे वापरतात. दवाखान्यातल्या डिस्चार्जला मराठीत घरी सोडणं म्हणतात आणि तेच छान आहे. डॉक्टरांच्या लिखाणात जखमेतून डिस्चार्ज असेल तर तो स्राव.

धरणातला डिस्चार्ज म्हणजे विसर्ग. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर. एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा: ११,५७४ क्युसेकने २४ तास पाणी सोडलं की १ टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतं. खडकवासल्याची साठवण जेमतेम २ टीएमसी आहे. पावसात तिथून मुठेत २५,००० क्युसेकचा विसर्ग ऐकला की समजायचं, वरच्या धरणांतून आणि घाटातून येणारं पाणी त्यात आहे. नुसत्या खडकवासल्याच्या साठ्यावर तो एक दिवसही टिकणार नाही.

आणि बोअरचा 'रिचार्ज'?

पुनर्भरण. १०० चौरस मीटरच्या छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर. वर्षाला ७०० मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा उडून-मुरून गेला असं मानलं तर ५६,००० लिटर हाती लागतात. छताचं पाणी थेट बोअरमध्ये सोडणं ही सर्वांत मोठी चूक. पक्ष्यांची घाण आणि माती सरळ भूजलात जाते, आणि एकदा गाळाने भेगा बुजल्या की बोअर गेली. मध्ये गाळणखड्डा हवा: तळाला मोठे दगड, त्यावर खडी, वर वाळू. पाणी वाळूवरून आत शिरून खाली उतरलं पाहिजे. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा. दर मे महिन्यात वाळूचा वरचा पाच-सात सेंटिमीटरचा थर खरवडून बदला, नाहीतर जुलैत खड्डा तुंबून अंगणात तळं.

सरकारी कार्यालयात 'चार्ज घेताना' काय पाहायचं?

प्रमाणपत्रावर सही करण्याआधी मोजून घ्या. एकदा सही झाली की कमी निघालेली प्रत्येक वस्तू तुमच्या माथी. रोकड वहीतली शिल्लक आणि तिजोरीतली रक्कम एकत्र मोजा, पासबुकाशी ताळा घाला. कोरे धनादेश आणि पावती पुस्तकं क्रमांकानिशी लिहा. जडवस्तू नोंदवही (डेड स्टॉक रजिस्टर) हातात घेऊन खोल्या फिरा. 'यादीप्रमाणे आहे' हे खुर्चीत बसून ऐकायचं वाक्य नाही. प्रलंबित प्रकरणं, न्यायालयाच्या तारखा, लेखापरीक्षणातले आक्षेप यांची वेगळी यादी मागा. किल्ल्या, शिक्के आणि संगणकाचे पासवर्डही. प्रमाणपत्रावर तारखेबरोबर मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर हे लिहायचं, त्यावरून त्या दिवसाचा पगार कोणाचा हे ठरतं. देणारा आणि घेणारा, दोघांच्याही सह्या.

पदभार, कार्यभार आणि प्रभार यांत गल्लत नको. नेमणूक होऊन खुर्ची मिळाली तो पदभार, कामाचा तो कार्यभार, आणि तात्पुरता सांभाळायला दिला तो प्रभार. म्हणून 'प्रभारी मुख्याध्यापक'. जनगणनेत तर 'चार्ज' हा भूभाग असतो. तालुका म्हणजे एक चार्ज, तहसीलदार त्याचा चार्ज अधिकारी.

अर्थसंकल्पातला 'भारित' खर्च काय असतो?

राज्याच्या एकत्रित निधीवर संविधानानेच लादलेला खर्च. राज्यपालांचं वेतन, अध्यक्ष-सभापती आणि उपाध्यक्ष-उपसभापतींचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन, कर्जाचं व्याज, न्यायालयीन हुकूमनाम्यांची रक्कम. अनुच्छेद २०२ मध्ये यादी आहे. यावर सभागृहात चर्चा होते, मतदान होत नाही. मतदान होतं तो 'दत्तमत' खर्च. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात हे दोन शब्द शेजारी दिसले की गोंधळू नका.

लाठीचार्जमधला चार्ज?

घोडदळाचा. २५ ऑक्टोबर १८५४ ला क्रिमियातल्या बालाक्लावाला ब्रिटिश घोडदळ रशियन तोफांवर धावून गेलं ते 'चार्ज', आणि २३ सप्टेंबर १९१८ ला हैफा घेताना जोधपूर-म्हैसूरचे भालाईत धावले तेही. पोलिसांनी तो शब्द उचलला आणि 'लाठी' जोडली. मराठीत लाठीमार किंवा लाठीहल्ला. हा शब्दसंकर भारतातला आहे. परदेशातल्या वाचकासाठी लिहिताना तो उलगडून सांगावा लागतो.

इंग्रजीत लिहिताना नेहमी चुकतं असं काही?

'इन चार्ज ऑफ' आणि 'इन द चार्ज ऑफ'. एका 'द'ने अर्थ उलटा होतो. नर्स रुग्णाच्या 'इन चार्ज ऑफ' असते, रुग्ण नर्सच्या 'इन द चार्ज ऑफ' असतो. शाळेच्या पत्रात मुलं सहलीला शिक्षकांच्या 'इन चार्ज ऑफ' गेली असं लिहिलं तर सहल मुलांनी चालवली असा अर्थ होतो. कधी कधी तो खराही असतो.

दूतावासाच्या बातमीतला 'चार्ज डी अफेअर्स' कसा वाचायचा?

'शार्जे दाफेअर', फ्रेंच आहे. मराठीत प्रभारी राजदूत. २०१९ च्या ऑगस्टनंतर इस्लामाबादेत भारताचा आणि दिल्लीत पाकिस्तानचा उच्चायुक्त नाही, दोन्हीकडे कारभार याच दर्जाचा अधिकारी पाहतो. अनेकवचन करायची वेळ इंग्रजीत आली तर 'एस' शेवटी लावायचा नाही, पहिल्या शब्दाला लावायचा.